पलंगाचा चौथा पाय

७ जून

चि. जावईबापूंस,

आशीर्वाद. कागद चुरगळला होता म्हणून त्यावरून इस्त्री फिरवली आहे. कोपऱ्याला पिवळा डाग पडलाय, तो चहाचा समजू नये. सगळी हयात लाँड्रीत इस्त्री मारण्यात गेली, तरी कापडाची धग कागदाला चालत नाही हे हाताला अजून पटलेलं नाही.

तुम्ही म्हणता, पत्र कशाला, फोन करा. फोनवर मला ओरडावं लागतं आणि मग आपल्या घरचं सगळं अख्ख्या जिन्याला कळतं. पत्राचं तसं नाही. पत्र उघडेल त्यालाच कळतं, आणि तुमच्याकडे तर तेवढंही होत नाही असं वाटतं, कारण मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही.

मुद्द्यावर येतो. ठकू मला म्हणाली होती की पावसाळ्याच्या आत मागची खोली रिकामी करून देतो, बाबा, तुम्ही इकडेच या. मी ट्रंक बांधून दाराशी ठेवली. आता येता-जाता तिलाच ठेचकाळतो. काल तिचा निरोप आला की खोलीत सध्या साबण आहे, तो पिकायचा आहे, तोवर थांबा.

फळ पिकतं, केस पिकतात, फोड पिकतो, इतपत मला माहीत होतं. साबणही पिकतो हे या वयात कळलं. सातवी नापास माणसाचं ज्ञान तुमच्यामुळे वाढतंय, आभारी आहे. फक्त एक शंका आहे. साबणाला पिकायला खोली लागते, मग आधीच पिकलेल्या माणसाला काय जिना पुरतो?

रागावू नये. जिन्याचं आपलं सहज लिहिलं. गुडघा बराच आहे, म्हणजे होता तसाच आहे.

आपला,
सासरा

*

१५ जून

प्रिय बाबा,

सा. न. तुमची पत्रं मी उघडतो, वाचतो, आणि ठकूलाही वाचून दाखवतो. ती हसते. उत्तराला उशीर होतो, कारण दिवसभर ऑफिसात उत्तरंच लिहायची असतात.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी कुलपांच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. कुणाचं कुलूप उघडत नाही, कुणाचं लागत नाही. कंपनीचा नियम असा की लेखी तक्रार आली की आठ दिवसांच्या आत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. तोंडी तक्रारीला तो नियम नाही. त्यासाठी आमच्याकडे चार तयार उत्तरं आहेत. पत्र वाचायचं आणि चारातलं एक पाठवायचं. दुसरं सगळ्यात जास्त जातं: ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

याच कामात मी म्हातारा होणार का, असा प्रश्न मला पडला होता. तेवढ्यात वार्षिक सभेत साहेब म्हणाले, “जो ऑफिसबाहेर वाढतो, तोच ऑफिसात वाढतो.” आमच्याच मजल्यावरचा एक जण संध्याकाळी मातीची भांडी करायला शिकला. भांडी वाकडी होतात, पण तो आज निर्यात विभागाचा प्रमुख आहे. याला साइड प्रोजेक्ट म्हणतात, बाबा. नोकरी पोट भरते, साइड प्रोजेक्ट माणूस घडवतो. म्हणून मी साबण करतो. यंदाच्या बढतीच्या मुलाखतीला जाताना साहेबांसाठी सहा वड्या नेणार आहे.

साबण पिकला, म्हणजे वाळून कडक झाला, की खोली तुमचीच. आणि एक सुचवू का? तुम्हीही काहीतरी सुरू करा. वाढीला वय नसतं.

तुमचा,
जावई

*

२४ जून

चि. जावईबापूंस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. ती चार सोडून पाचवं उत्तर माझ्यासाठी खास लिहिलंत, बरं वाटलं.

वाढीला वय नसतं म्हणता. माझं वजन वाढत नाही, उंची तर कमीच होतेय, वाढतं ते फक्त घराचं भाडं. लाँड्रीतही एक जण साइड प्रोजेक्टवाला होता. गिऱ्हाइकांचे सूट रविवारी लग्नकार्यांना भाड्याने द्यायचा. माणूस चांगलाच घडला. मालकाने त्याला एक दिवस बाजूला घेतलं आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. आमच्या वेळी बाजूच्या कामाचं असं होतं.

तुम्ही शिकलेले आहात, तुमचं वेगळं. पण मला रात्रंदिवस घोर लागून राहतो. साहेबांना साबण द्यायचा म्हणजे ‘तुम्ही आंघोळ करत जा’ असं सुचवल्यासारखं नाही ना होणार? मोठ्या माणसाला कशाचा राग येईल सांगता येत नाही. आमच्या मालकाला कुणी अत्तर दिलं तरी तो आधी स्वतःची काख हुंगायचा.

ट्रंक अजून दाराशी आहे. सोडावी तर तुम्ही बोलवाल, न सोडावी तर रोज दोन शर्ट किती दिवस आलटून पालटून घालू? न्हाणीघराच्या फरशीला बुळबुळ आलीय. धरून धरून जातो. ठकूला सांगू नका, उगाच जिवाला लावून घेते.

सासरा

*

१२ जुलै

प्रिय बाबा,

सा. न. तुमची भीती खरी ठरली, फक्त कारण चुकलं. साहेबांना राग साबण दिल्याचा नाही आला. साबण लावल्याचा आला. त्यांच्या मानेवर आणि दंडावर चट्टे उठले. मुलाखतीत ते सारखे खाजवत होते आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मीच चट्टा आहे. बढती दुसऱ्याला मिळाली. तो सुट्टीत डोंगर चढतो.

पण मी खचलेलो नाही. अपयश म्हणजे फुकटचं प्रशिक्षण. उरलेल्या वड्या खोक्यांत भरून टाकल्यात आणि आता सुतारकाम शिकायला लागलोय. वर्ग शनिवारी असतो, सरावाला मागची खोली आहे. आणि बाबा, पहिली वस्तू काय करतोय सांगू? तुमच्यासाठी पलंग. सागवानी, चार पायांचा, माझ्या हाताचा. बाजारचा पलंग कुणीही आणतं. तुमच्या खोलीत माझ्या हातचा पलंग असावा, असं मनात आलं.

तर अडचण तेवढीच की पलंग होईपर्यंत खोलीत फळ्या राहतील. भुसा पण खूप उडतो. तुम्हाला खोकला आहे, म्हणून इतक्यात नकोच.

उत्तरी तुमची उंची कळवावी, आणि खांद्यांची रुंदीसुद्धा.

जावई

*

२० जुलै

चि. जावईबापूंस,

आशीर्वाद. तुमचं पत्र वाचलं आणि आधी खाली बसलो. उंची आणि खांद्यांची रुंदी, दोन्ही मापं एकदम लागतात अशी लाकडी वस्तू मला एकच ठाऊक आहे, आणि तिच्यातला माणूस सकाळी उठून चहा मागत नाही. मग पुढे पलंग हा शब्द पुन्हा नीट वाचला आणि जीव भांड्यात पडला.

म्हणजे आता असं झालं, की मला झोपायला पलंग हवा म्हणून मी खोलीत यायचं नाही. खोली माझी, पलंग माझा, फक्त मी बाहेर. देवळात देव नको, आधी कळस होऊ द्या.

माझी उंची सहा फूट लिहून घ्यावी. पूर्वी होती. खांदे तुम्ही अंदाजाने घ्या.

इकडे एक गंमत झाली. खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालायला वर आल्या तेव्हा मी तुम्हाला हेच पत्र लिहीत होतो. म्हणाल्या, “काय लिहिताय एवढं तोंडातल्या तोंडात हसून?” मी वाचून दाखवलं. त्या जिन्यातच बसल्या आणि हसल्या. त्यांचा मुलगा परगावी असतो. ना पत्र ना फोन. म्हणाल्या, “मला पण एक लिहून द्या ना असं. मला आपलं ‘कसा आहेस’च्या पुढे काही सुचत नाही.”

दिलं लिहून. ‘तू बोलायला लागलास तेव्हा मी पेढे वाटले होते. आता तू बोलत नाहीस, तर ते परत मागवू का?’ असं काहीतरी. इस्त्री करून दिलं. हे प्रोजेक्ट बिजेक्ट नाही, बरं. नुसत्या दोन ओळी.

सासरा

*

१८ ऑगस्ट

चि. जावईबापूंस,

आशीर्वाद. महिना होत आला, तुमचं उत्तर नाही. मीही गडबडीत आहे, नाहीतर आधीच लिहिलं असतं.

गडबड म्हणजे, लोक यायला लागलेत. खालच्या बाईंनी चार जणांना सांगितलं. पलीकडच्या शिंप्याला त्याच्या भावाला लिहायचं होतं, तो वडिलांच्या आजारपणात फिरकला नाही म्हणून. जिन्यासमोरच्या नर्सबाईंना घरमालकाला गळक्या छताबद्दल. त्यांना लिहून दिलं, ‘आपण भाड्यात पाण्याचा समावेश केला आहे हे माहीत होतं, पण ते वरून येईल असं वाटलं नव्हतं.’ घरमालक स्वतः डांबर घेऊन आला! माझ्याकडे बघून म्हणाला, “कोण लिहितंय हे, मला कळत नाही असं समजू नका.” मला दोन दिवस झोप नाही, हा मला बाहेर काढतो की काय म्हणून. पण तिसऱ्या दिवशी त्यानेच निरोप पाठवला, त्याच्या व्याह्यांना एक लिहून हवंय.

ट्रंकेवर फळी टाकून टेबल केलंय. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक, मध्ये इस्त्री. पैसे घेत नाही. कुणी चहा पाठवतं, कुणी बटण लावून देतं. तुम्ही हसाल, पण सकाळी उठावंसं वाटतं. परवा लाँड्रीतला जुना सोबती भेटायला आला, त्याला मी म्हणालो, “नोकरीने माझं पोट भरलं रे, पण माणूस आत्ता घडतोय.” म्हणालो आणि जीभ चावली. हे वाक्य कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात तर एक पत्र असं काही जमलं, की पाठवायच्या आधी मी ते स्वतःलाच तीनदा वाचून दाखवलं. कुणाला लिहिलं ते सांगत नाही. धंद्यात गुप्तता लागते.

पलंग कुठवर आला? सावकाश होऊ द्या. सध्या मलाच सवड नाही.

सासरा

*

२ सप्टेंबर

प्रिय बाबा,

सा. न. उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि आता आहे ते लिहवत नाही. ठकूला यातलं काही माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.

ऑफिसात एक तक्रार आली. तुमच्याच भागातल्या एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या गृहस्थांची. आंघोळ करून ते टॉवेलवर वर्तमानपत्र घ्यायला दाराबाहेर आले, दार ओढलं गेलं, आणि किल्ली आतल्या पँटीत. बायकोने माहेराहून येऊन उघडलं. तोवर ते जिन्यात. असल्या तक्रारी रोज येतात. मी नेहमीप्रमाणे उत्तर क्रमांक दोन पाठवलं.

त्यावर त्यांचं दुसरं पत्र आलं, ते थेट साहेबांच्या नावाने. साहेबांनी ते सभेत मोठ्याने वाचलं. मला पाठ झालंय: ‘आपलं कुलूप चोराला अडवतं की नाही याचा अनुभव नाही, मालकाला मात्र उत्तम अडवतं. ते माझ्यावर संशय घेतं, हे मी समजू शकतो. पण आपण जे दिलगिरीचं पत्र पाठवलंत, तेही असंच बाहेरून ओढून घेतलेलं दार आहे. आत माणूस आहे की नाही, तेवढं कळवावं.’

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, “साबण करायला वेळ आहे, पलंग करायला वेळ आहे, गिऱ्हाइकाला एक ओळ स्वतःची लिहायला वेळ नाही?” आठ दिवसांत या माणसाचं समाधान होईल असं उत्तर लिहायचं. नाही जमलं, तर दुसरीकडे काम बघायचं.

बाबा, नोकरी गेली तर आधी हे घर जाईल. तीन खोल्यांचं भाडं ठकूच्या एकटीच्या पगारात बसत नाही. मग मागची खोलीच राहणार नाही. पलंगाचे दोन पाय झालेत. तसेच उभे आहेत भिंतीला टेकून.

जावई

*

६ सप्टेंबर

चि. जावईबापूंस,

आशीर्वाद. धीर सोडू नये. पत्र हाती पडलं तेव्हापासून मलाच चैन नाही, पण तुम्ही धीर सोडू नये.

हे ड्रायव्हिंगवाले गृहस्थ वरच्याच मजल्यावर राहतात, म्हणजे मी तोंडओळखीने ओळखतो. माणूस वाईट नाही. तापट आहे, पण टॉवेलवर जिन्यात उभं राहिल्यावर कोण तापट होणार नाही? आणि ज्याने कुणी ते पत्र लिहिलं असेल, म्हणजे त्यांनीच लिहिलं असणार, तर त्याच्या मनात तुमच्याविषयी वाकडं काही नसावं. माणूस लिहायला बसतो, कंपनीचं नाव लिहिताना हात जरा थबकतोही, मनात येतं की एवढी मोठी कंपनी, हे कुठल्यातरी कारकुनाकडे जाईल. पण पुढचं वाक्य इतकं छान आलेलं असतं, की ते टाकून द्यायला मन होत नाही. असं होत असेल, असा माझा अंदाज.

तुम्ही दुसरं तिसरं काही न लिहिता खरं काय ते लिहा. त्यांचं समाधान होईल. होईलच, याची मी खात्री देतो. म्हणजे मला वाटतं.

मी पत्रं लिहून द्यायचं बंद केलं आहे. खालच्या बाईंच्या मुलाचं उत्तर आलं. एकच ओळ: ‘पेढ्यांचे किती झाले ते कळव, पाठवतो.’ बाईंनी ते माझ्यापुढे धरलं आणि खाली निघून गेल्या. आता कपडे वाळत घालायलाही वर येत नाहीत, घरातच दोरी बांधलीय. पत्र लिहिलं तेव्हा मी हसलो होतो. मुलगा त्यांचा होता, हसलो मी.

अक्षर हललंय, त्याचं मनावर घेऊ नये. हाताला थोडा मुका मार आहे. दाराला लागला.

सासरा

*

१४ सप्टेंबर

प्रिय बाबा,

सा. न. अंदाज चांगला बांधता तुम्ही.

बाबा, सभेनंतर साहेबांनी ते दुसरं पत्र माझ्या हातात दिलं तेव्हाच मला कळलं होतं. शंभर पत्रं येतात, सगळी चुरगळलेली. हे एकच पत्र कडक इस्त्री केलेलं, आणि कोपऱ्याला पिवळा डाग. सही ड्रायव्हिंगवाल्यांची, अक्षर तुमचं. अहो, निदान शाई तरी बदलायची!

दोन दिवस मी तुमच्यावर असा काही संतापलो होतो, की पलंगाचा एक पाय रंध्याने पार बारीक करून ठेवला. मग उत्तर लिहायला बसलो. चारही तयार उत्तरं समोर होती. लिहिताना मला सारखं वाटत होतं, मी दाराशी बांधून ठेवलेल्या ट्रंकेला लिहितोय. शेवटी लिहिलं ते असं. ड्रायव्हिंगवाल्यांनी तुम्हाला दाखवलं असेलच, तरी पुन्हा वाचा:

‘महाशय, आत माणूस आहे. उत्तर क्रमांक दोनच्या मागे लपला होता. दाराबाहेर ताटकळणं काय असतं ते मला अनुभवाने ठाऊक नाही, कारण आमच्या घरी ताटकळणारा मी नाही, ताटकळवणारा मी आहे. एका वडीलधाऱ्या माणसाला खोली देतो म्हणून आधी आत साबण ठेवला, मग फळ्या ठेवल्या, आणि दर वेळी त्यांना कारण मात्र गोड दिलं. तेव्हा आपला राग मला पोचला. उद्या आमचा माणूस नवं कुलूप घेऊन येईल. बाहेरून ओढलं तरी न लागणारं. तो येईपर्यंत कृपया पँट घालूनच पेपर घ्यावा.’

साहेबांनी हेही सभेत वाचलं. या वेळी हसले. दुपारी मला आत बोलावून विचारलं, “हे असं लिहायला कुठे शिकलात? वर्ग लावला होता?” मी म्हणालो, “सासऱ्यांशी पत्रव्यवहार आहे.” त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. त्या दिवसापासून मी तक्रार विभागाचा प्रमुख आहे. ती चार उत्तरं रद्द. आता सगळी पत्रं माणसांनी लिहायची, आणि ती कशी लिहायची हे मी शिकवायचं.

म्हणजे साबणाने चट्टे उठले, पलंग उभा राहिना, आणि ज्याला मी प्रोजेक्ट म्हटलंच नाही त्याने बढती दिली. हे ऑफिसात सांगायची सोय नाही. साहेब लगेच सगळ्यांना सासऱ्यांना पत्र लिहायला लावतील.

आता वाईट बातमी. प्रमुख झाल्यापासून घरी यायला रोज उशीर होतो. तीन पाय झालेत. चौथा तो बारीक झालेला. नवा करावा लागेल. तेवढा होऊ द्या, की लगेच खोली तुमची.

जावई

*

१६ सप्टेंबर

बाबा,

हे पत्र मी लिहितेय, ठकू. तुम्हा दोघांची पत्रं वाचून हसायचं काम माझ्याकडे होतं, ते आज मी सोडलं.

खालच्या बाईंचं पत्र आलं. तुमच्यासारखं नाही लिहिलं त्यांनी. चारच ओळी आहेत. तुम्ही न्हाणीघरात पडलात. त्यांना आवाज आला. त्या नि ड्रायव्हिंगवाले दार ढकलून आत आले. हात मोडला नाही, पण त्यांनी लिहिलंय, ‘ते रोज धरून धरून जातात, मला बघवत नाही, तुम्ही घेऊन जा.’ बस. एक टोमणा नाही त्यात. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

माझ्यापासून लपवलेली पत्रंही मी काढून वाचली. दाराला लागलं म्हणे! एवढी पानं लिहिता दोघं, आणि एकाने पडलो लिहिलं नाही, दुसऱ्याने नोकरी जातेय सांगितलं नाही. मला काय दोघांनी उत्तर क्रमांक दोनमध्ये धरलंय?

नवऱ्याशी माझं बोलून झालं आहे. तो म्हणाला, पलंगाला अजून एक पाय नाही. मी म्हणाले, माझ्या बापाला दोन आहेत, त्यातला एक दुखरा, तरी तो आजवर उभा आहेच ना? फळ्या गॅलरीत टाकल्या. भुसा झाडला. पलंगाच्या चौथ्या कोपऱ्याखाली ती साबणाची खोकी लावली. पक्की बसली. मी वर उड्या मारून बघितलं.

रविवारी सकाळी टेंपो घेऊन येते. ट्रंक बांधलेलीच असेल. इस्त्री घ्या. कारणं तिथेच ठेवून या.

ठकू

*

१० नोव्हेंबर
मागची खोली

प्रति,
प्रमुख, तक्रार विभाग
पुढची खोली

महोदय,

एकाच घरात राहून लेखी तक्रार कशासाठी, असं आपण विचाराल. आपण सकाळी मी दात घासत असताना जाता, आणि परत येता तेव्हा मी झोपलेला असतो. तोंडी सांगून पाहिलं. ‘रविवारी नक्की’ हे उत्तर मला चार रविवार मिळालं. शिवाय तोंडी तक्रारीला आठ दिवसांचा नियम नाही, हे आपणच कधीतरी कळवलं होतं.

तक्रार पलंगाची आहे. पलंग उत्तम आहे. सहा फुटी माणसासाठी केलाय हे पायथ्याशी उरलेल्या जागेवरून कळतं. तिथे मी लिहायचं सामान ठेवतो. तीन पाय इतके भक्कम आहेत, की भूकंपात घर पडलं तर ते तेवढे उभे राहतील. प्रश्न चौथ्याचा. साबण तिथे निमूटपणे उभा आहे, त्याचं कौतुकच आहे. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच कुणाला आधार दिला. पण थंडी पडल्यापासून तो दबायला लागलाय. झोपतो मी मधोमध, उठतो तेव्हा नाक भिंतीला. उशीला असा वास येतो की स्वप्नातही कुणीतरी मला आंघोळ घालत असतं. अंगाला चट्टे नाहीत अजून. रोज सकाळी आरशात बघतो.

काळजी एवढीच, की खोकी एक दिवस बसतील, मी पडेन, आणि ठकूला वाटेल मी पुन्हा लपवलं. म्हणून आधीच लिहून ठेवतोय. इथे न्हाणीघर कोरडं आहे. रात्री उठलो तर पुढच्या खोलीतून तुमचं घोरणं ऐकू येतं, त्या आवाजाच्या दिशेने चालत जातो, भिंत धरावी लागत नाही.

खालच्या बाईंनी मुलाला स्वतःच लिहिलं. ‘पेढ्यांचे पैसे नकोत, तू ये.’ तो येऊन गेला. हे त्यांनी मला पोस्टकार्डावर कळवलं. मी त्यांना लिहिलं की हे वाक्य मला सुचलं नसतं. त्यावर त्यांनी लिहिलं, हो, नसतंच. आता त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार सुरू आहे, आणि त्यात टोमणे त्यांचे असतात.

इथल्या इमारतीतही दोन गिऱ्हाइकं आली आहेत. एकाला साल्याला लिहायचंय. मी आधी त्याला बसवून विचारलं, साला वाचून काय करील? तो म्हणाला, माहीत नाही. मग म्हटलं, माहीत करून घे आणि उद्या ये. ठकूला यातलं काही कळवू नये. धंद्यात गुप्तता लागते.

तरी महोदय, आपल्या विभागाच्या लौकिकाला साजेसं उत्तर मुदतीत मिळावं. न मिळाल्यास पुढचं पत्र आपल्या साहेबांना जाईल. पहिलं वाक्य मला सुचलेलं आहे, आणि ते फार छान आहे.

आपला त्रस्त ग्राहक,
सासरा

*

१७ नोव्हेंबर
पुढची खोली

बाबा,

आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही

हे खोडलं. हाताची सवय जाता जात नाही.

पाय झाला. मुदतीचा आज शेवटचा दिवस होता म्हणून सुट्टी काढली. तुम्ही खाली गिऱ्हाइकाबरोबर चहा पीत बसला होतात, तेव्हा बसवला. थोडा लांब झालाय. तुम्ही आता भिंतीच्या उलट बाजूला घरंगळाल. रविवारी तासून देतो.

साबणाची खोकी पलंगाखालीच राहू दे. मला अजून खात्री नाही.

कागदाला इस्त्री मी केली आहे. कोपरा पाहून घ्यावा.

जावई